‘निगराणी’ ठेवायची की ‘पाळत’?

तासगावहून एका वाचकाने विचारलं आहे : कादंबरीतलं हुकूमशाही सरकार घराघरात कॅमेरे बसवतं, तिथे ‘सरकारने नागरिकांवर निगराणी ठेवली’ असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते हे वाक्य बदलावं. निगराणीचा हा पाळतीचा अर्थ हिंदी बातम्यांमध्ये सर्रास दिसतो. शब्द मूळचा फारसी, मराठीतही मुरलेला. पण आपण तो जपणुकीसाठी वापरतो. तासगावच्याच द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेची निगराणी चुकली, तर काडीत घड नीट तयार होत नाहीत, आणि फटका कळतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर, फुटीला घडच कमी दिसतात तेव्हा. इथे प्रत्यय बघा. निगराणी बागे‘ची’ करतात, पाळत माणसा‘वर’ ठेवतात. प्रश्नातल्या वाक्यात निगराणीला ‘वर’ लागला, म्हणून ते कानाला खटकतं.

‘टेहळणी’ लांबून होते, साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरून मुलुखाची व्हायची तशी. स्वयंपाकघरातल्या माणसाची टेहळणी होत नाही. इर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की सांगलीकर पाण्यावर ‘नजर ठेवून’ असतात. त्यात काळजी आहे, सत्ता नाही.

मग उरते ‘पाळत’. तीही पुरी पडत नाही, कारण पाळत चोरून असते. नाना पाटलांच्या ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारच्या काळात पोलीस भूमिगतांच्या पाळतीवर असत; गावाला सुगावा लागला की पाळत फसली. कादंबरीतला कॅमेरा मात्र सगळ्यांना दिसतो. या घडीला त्यामागे कुणी बघतंय का, एवढंच कळत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंथम या इंग्रज विचारवंताने तुरुंगाचा आराखडा मांडला, तो याच तत्त्वावर : मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी कैद्यांना दिसता कामा नये. तेव्हा चौकातल्या कॅमेऱ्यांना ‘पहारा’ म्हणा, फोन ऐकण्याला आणि शेजाऱ्याने दिलेल्या खबरीला ‘पाळत’.

निगराणी मात्र टाकून देऊ नका. ती सरकारच्या तोंडी घाला. कचेरीच्या पाटीवर ‘नागरिक निगराणी विभाग’, आणि त्याच पाटीखाली रांगेतली बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणते, ‘आपल्यावर पाळत हाय गं.’ जपणुकीचा शब्द सत्तेने कसा पळवला, ते वाचकाला तिथेच दिसेल. त्यासाठी एक पथ्य पाळा : निवेदकाने स्वतःच्या वाक्यात ‘निगराणी’ एकदाही वापरू नये. वापरला, की पाटीवरचा शब्द खराच वाटू लागतो.