पाच हजार पौंडांचा आकडा आणि दारावरचं स्टिकर

कसा शेस भाऊ? तुझा मेसेज नीट वाचला. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, झालंय, उन्हाळ्याआधी चाळीसगावहून कॅलगरीला येताय. तुम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. गाडी एकच घ्यायची आणि सुट्टीत तिलाच राहायचा ट्रेलर जोडून रॉकी पर्वतात जायचं. तीन रांगांची एक एसयूव्ही तू बघून ठेवली आहेस, ती ५००० पौंड ओढते, आणि मनात भरलेला ट्रेलर १७०० किलोचा. "पुरेल ना दादा?" असं विचारलंस. नाही पुरणार. का, ते सविस्तर सांगतो, कारण मीही पहिल्या वर्षी हाच हिशोब केला होता.

५००० पौंड म्हणजे साधारण २२७० किलो. तो आकडा गाडी किती ओढेल याचा आहे. गाडीच्या अंगावर किती वजन चालेल, हा आकडा वेगळा. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर नको. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या हुकावर जेवढा भार टाकतं, तोही ह्याच आकड्यातून वजा होतो.

आता तुझाच हिशोब मांडू. ट्रेलरचं १७०० हे रिकामं वजन. त्यात पाणी, गॅसच्या टाक्या, अंथरुणं, भांडी आणि पाच जणांचा शिधा भरला की २१०० सहज होतात. नुसत्या १५० लिटर पाण्याचेच १५० किलो. ह्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा. १३ टक्के धरले तर २७३ किलो. तुम्ही पाच जण २६०, डिकीतलं सामान ८०, हुक आणि भार वाटून देणाऱ्या दांड्या ४०. झाले ६५३. समज स्टिकरवर ६०० लिहिलंय, तर गाडी घरातून निघतानाच ५३ किलोने जास्त भरली. ओढायच्या वजनात तू बसलास, अंगावरच्या वजनात नाही. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांच्या हुकाची मर्यादा ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोच असते.

मग हुकावरचा भारच कमी करू, असं मनात येईल. ते अजिबात करू नकोस. कापसाची बैलगाडी भरताना आमचे वडील आधी जू हातांनी उचलून बघायचे. आकाच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, मागे कलते, आणि जुवाचा पट्टा बैलाच्या गळ्याला आवळतो. ट्रेलरचं तेच आहे, फक्त इथे वेग ताशी ९० असतो. पहिल्याच सहलीत आम्ही चारही सायकली ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधल्या होत्या. कॅलगरीच्या पश्चिमेला कॅनमोर गाव आहे, त्याच्या पुढे एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आधी थोडा, मग इतका की आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. बायकोने मागे हात नेऊन पोराचा गुडघा धरला होता. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडीचा ब्रेक दाबला नाही, आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची कळ सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. तेव्हा तो सरळ झाला. ती कळ कुठे आहे, हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे.

आता कोणती गाडी? माझं मत स्पष्ट आहे. हाच ट्रेलर हवा असेल तर लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली, मोठी एसयूव्ही, फोर्ड एक्स्पिडिशनसारखी, किंवा चार दारांचा पिकअप. टोइंग पॅकेज कंपनीतूनच बसवलेलं हवं: ट्रान्समिशनचा कूलर, सात पिनांचं सॉकेट, ब्रेक कंट्रोलर. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे स्टिकर वेगळे निघतात, कारण सनरूफ, भारी सीटा, मोठी चाकं ह्यांचं वजन तुझ्या वाट्यातून जातं. माहितीपत्रकावर जाऊ नकोस, समोर उभी असलेली गाडीच बघ. आणि काकूंचे गुडघे दुखतात म्हणालास, तर पायरी आहे का तेही बघ. पिकअपमध्ये चढणं वयस्कर माणसाला खरंच जड जातं.

गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल आणि पेट्रोलचा खर्च झेपत नसेल, तर उलटं कर, ट्रेलर लहान घे. घडीचा, तंबूवाला, भरून १२०० किलोच्या आत बसणारा. मग टोयोटा सिएना ही मिनीव्हॅनही चालते, ती ३५०० पौंड ओढते. हायब्रिडच्या बाबतीत मात्र नीट विचार: टोयोटाच्याच हायलँडर एसयूव्हीची पेट्रोल गाडी ५००० ओढते, तर हायब्रिड ३५००.

घाटाची भीती बाळगू नकोस, कन्नड घाट तू उतरला आहेस. चढताना जो गियर, उतरतानाही तोच, हे इथेही लागू आहे. रॉकीतल्या घाटातून गोल्डन गावाकडे जाताना टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गियर खालचा ठेवणारी सोय, लावायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ट्रेलर भाड्याने घे. निघायच्या आधी सगळ्यांना बसवून, सगळं भरून, ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर एकदा गाडी घाल. जिनिंगवर कापूस मोजतात तसं, अंदाजावर काही नाही.

गाडी पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी दार उघडून त्या स्टिकरचा फोटो मला पाठव. शोरूममधून फोन केलास तरी चालेल, मी कामावर असलो तरी उचलेन.