कऱ्हा वाहतेय म्हणून रब्बीत किती एकर भिजवायचं? (कृषी सल्ला)

प्रश्न : बारामती तालुक्याच्या जिरायती भागात, कऱ्हेच्या काठावर आमची विहीर आहे. ऑक्टोबरात नदी चांगली वाहतेय. तीन एकर उन्हाळी कांदा करावा म्हणतो. दुकानदार म्हणतो पाणी आहे तर खतही दाबून टाका. करू का?

तीन एकर करू नका. वाहती नदी बघून क्षेत्र वाढवलं आणि मार्चमध्ये पीक सोडून दिलं, हे मी या पट्ट्यात पुन्हा पुन्हा पाहिलंय. कऱ्हा गराड्याच्या डोंगरात उगवते, सासवड, नाझरे, मोरगाव, बारामती करत सोनगावला नीरेला मिळते. सगळा प्रवास पर्जन्यछायेतला. तिचं पाणी परतीच्या दोन-चार मोठ्या पावसांचं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच नदीने बारामतीत लोकांना घराबाहेर काढलं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिच्यावरचं नाझरे धरण कोरडं पडलं. नाझरे भरून भरलं तरी एक टीएमसीला पोचत नाही, आणि त्यावर पहिला हक्क जेजुरी, मोरगावकडच्या पिण्याच्या योजनांचा. टंचाई आली की शेतीचं आवर्तन आधी तुटणार. ते तसंच असायला हवं, म्हणून पीक त्या पाण्याच्या भरवशावर लावू नका.

खाली काळा पाषाण आहे. नदी थांबली की काठावरच्या विहिरी महिना-दीड महिन्यात खाली जाऊ लागतात. म्हणून माझं सांगणं एकच : विहीर मोजा. काठावर रंगाची एक खूण करा, गाठी मारलेली दोरी घ्या, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी मोटार चालू करण्याआधी पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. दोन वर्षांची वही असली की फेब्रुवारीत किती पाणी उरेल हे दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. वही नसेल तर यंदा कांदा एक एकर, तोही ठिबकवर. उरलेल्या दोन एकरांत हरभरा. त्याला फांद्या फुटताना एक, घाटे भरताना एक पाणी मिळालं तरी तो पदरात पडतो.

खत दाबून टाकायचं नाही. लागवडीला 60 दिवस झाल्यावर कांद्याला युरिया बंद. उशिरा नत्र दिलं की माना जाड होतात, जोडकांदे निघतात, चाळीत माल सडतो. पाणी कमी पडायला लागलं की दुकानदार 'ताकद येईल' म्हणून आणखी एक गोणी देतो. घेऊ नका. कोरड्या जमिनीत जादा खत म्हणजे मुळाला चटका. पुन्हा सांगतो : पाणी कमी असेल तेव्हा खत कमी.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे (पाणी अडवायला खाचांत बसवायच्या फळ्या) कधी टाकायचे, हेही याच पत्रात विचारलंय. पाऊस परतला पण धार चालू आहे, तेव्हाच. ढाप्यांच्या दोन ओळींमध्ये माती नीट चोपून भरा, नाहीतर दिवाळीपर्यंत बंधारा गळून रिकामा होतो. नदी आटल्यावर ढापे टाकणारी गावं मला दरवर्षी भेटतात. पावसाचा जोर असताना टाकणारी कमी, पण त्यांचं नुकसान मोठं, कारण पुराचं पाणी काठ फोडून शेतात घुसतं.

प्रश्न : पुरंदर उपसा सिंचन योजनेच्या पाण्याने ठिबक सारखं चोंदतं. दुकानदाराने अ‍ॅसिडचा कॅन दिलाय. किती सोडू?

आधी काय चोंदलंय ते बघा. हे पाणी मुळा-मुठेतून उचललेलं, पुण्याच्या सांडपाण्यासकट आलेलं. ड्रिपर फोडा. आत बुळबुळीत काळा-हिरवा थर असेल तर ते शेवाळ आणि जिवाणू आहेत, तिथे क्लोरीन लागतं. पांढरी खरवड असेल आणि अ‍ॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसली तरच अ‍ॅसिड. मापही कॅनवरच्या झाकणाने घ्यायचं नाही. बादलीभर पाण्यात थोडं थोडं अ‍ॅसिड घालत पीएच पट्टीवर सामू (पीएच) 4 येईपर्यंत मोजा, तेच प्रमाण प्रवाहाला लावा. अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. आणि क्लोरीन व अ‍ॅसिड एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो. एकाच दिवशी दोन्ही 'मारून टाका' असं सांगणाऱ्याच्या दुकानात परत जाऊ नका.

कायमचा उपाय म्हणजे वाळूचा फिल्टर आणि त्याची वेळच्या वेळी उलट धुलाई. नुसत्या जाळीने हे पाणी आवरत नाही. पाणी एकदा तपासून घ्या. क्षारता (ईसी) 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर विहिरीच्या पाण्यात मिसळूनच वापरा. या पाण्यात नत्र आधीच असतं, म्हणून युरिया त्या हिशेबाने कमी करा. कोथिंबीर, मेथी, कच्ची खायची कुठलीही भाजी या पाण्याच्या तुषारावर करू नका.

प्रश्न : अंजिराचा मिठा बहार धरलाय, फळं तडकतात. टॉनिक सांगा.

टॉनिक नाही. आठ दिवस बाग कोरडी ठेवून एकदम पाट सोडला की फळ तडकतं, यावर बाटली चालत नाही. पाणी थोडं थोडं पण रोज, ठिबकने, आणि बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा गवताचं जाड आच्छादन. विहीर पुरणार नसेल तर फळं भरायच्या आधीच काही झाडांवरचा बहार सोडा. वाढ नियंत्रकाचे डोस वाढवून पाण्याची उणीव भरत नाही. सासवडजवळ जाधववाडीला अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र आहे. दुकानात जाण्याआधी तिथे जा.

ठिबकच्या अनुदानाबद्दल थोडक्यात : महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, फार्मर आयडी हवा, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी. अल्प-अत्यल्प भूधारकांना सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या 80 टक्के, इतरांना 75 टक्के. 'बिल आत्ता घ्या, मंजुरी मागून येईल' असं विक्रेता म्हणाला तर सही करू नका.