नाव एकच, द्राक्षं निराळी

प्रश्न: मुलाने मुंबईहून लाल इटालियन वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. एकीवर 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' लिहिलंय, दुसरीवर 'विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो'. दुसरी दुपटीहून महाग पडली. द्राक्ष एकच, मग किमतीत एवढा फरक का? आणि ही जात आमच्या केळीच्या जमिनीत येईल का?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर: भाऊ, द्राक्ष एकच नाही. पहिल्या बाटलीवरचं मोंतेपुल्चानो हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे, दुसरीवरचं गावाचं. तुम्ही केळीवाले, म्हणून केळीवरच सांगते. रावेरच्या मळ्यात कुणी अर्धापुरी लावली, तरी ट्रकमध्ये भरताना ती जळगावचीच केळी असते, अर्धापूरची होत नाही. तसंच हे.

मोंतेपुल्चानो गाव टस्कनीत, सिएना जिल्ह्यात डोंगरावर वसलंय. तिथली नोबिले किमान 70 टक्के सांजोवेझे द्राक्षाची असते. तिला 1980 पासून इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे आणि विक्रीआधी दोन वर्षं मुरवावीच लागते. एवढा काळ माल अडकून पडतो, त्याचे पैसे तुमच्या मुलाने मोजले.

माझा मात्र जीव आहे तो पहिल्या बाटलीवर. आब्रुत्सो हा रोमच्या पूर्वेचा मुलूख, एका बाजूला अपेनाइन डोंगर, दुसऱ्या बाजूला एड्रियाटिक समुद्र. तिथल्या या वाइनचे नियम 1968 साली ठरले. आज तिच्यात किमान 85 टक्के मोंतेपुल्चानो द्राक्ष लागतं. साल जाड, रंग गडद जांभळट, पिकायला उशीर. आणि वेल मांडवावर! तिकडे त्याला 'तेंदोने' म्हणतात. नवे बागाईतदार आता ओळीत तारांवर लावतात, पण जुने मांडव अजून उभे आहेत. पिंपळनेरला आठ वर्षं आमचा द्राक्षाचा प्लॉट होता. तेंदोनेचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पानांखाली लोंबणारे घड बघून आमचाच मांडव डोळ्यांसमोर आला. फरक इतकाच, की ऑक्टोबरात आम्ही छाटणीला कात्री लावायचो आणि तिकडे त्याच महिन्यात तोडणी चालते.

लागवडीचा प्रश्न यातच सुटतो. तिकडे थंडीत वेल पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या कराव्या लागतात. उशिरा पिकणारी ही जात तुमच्याकडे ऐन मार्चच्या तापत्या उन्हात सापडेल, आणि उष्णतेत सालीतला रंग नीट भरत नाही. रंगासाठीच जिची ओळख, तिचा रंगच गेला तर काय उरलं? माझं मत विचाराल तर लावू नका.

बाटल्या कपाटावर ठेवल्या असतील तर आजच उतरवा. आपल्या उन्हाळ्यात आतली वाइन फुगून बूच ढकलते आणि चव शिजवल्यासारखी होते. प्यायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवून जरा गार करा. 16 ते 18 अंश पुरे, आपल्या खोलीचं तापमान फार होतं. आब्रुत्सोची बाटली भरीत आणि कळण्याच्या भाकरीबरोबर उघडा. वांग्याच्या भाजल्या वासाशी ती छान जमते. मिरची मात्र बेताची घाला, तिखटाने ही वाइन तोंडात जास्तच जळते. नोबिले फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि मुलगा दिवाळीला आला की उघडा.