“जुगार नाही हो मॅडम, ट्रेडिंग आहे”

समुपदेशक म्हणून गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली पालकांचा फोन आला की तेच येणार हे आधीच कळतं. “मुलगा म्हणतो हा जुगार नाही. खरंय का हो?”

प्रकरण असतं ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या सामन्यांचं. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात अमुक संघ जिंकेल का, याचे ‘येस’ आणि ‘नो’ प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे अंदाजांच्या ऑनलाइन बाजारात, विकत मिळतात. भाव १ ते ९९ सेंट. अंदाज बरोबर निघाला तर एक डॉलर, चुकला तर शून्य. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्यानं बंदी आली. अमेरिकेत मात्र वायदेबाजारावर नजर ठेवणारी सीएफटीसी हीच संस्था अशा बाजारांवरही देखरेख करते, त्यामुळे तिकडच्या मुलांना ‘ट्रेडिंग’ म्हणायला आधार सापडतो.

निखिल (नाव बदललंय) डॅलसला डेटा सायन्समध्ये एमएस करतो. वडिलांनी सांगलीहून कर्ज काढून पाठवलेला.

“मी हवेत पैसे लावत नाही मॅडम. मॅप, म्हणजे खेळातलं मैदान कुठलं, कोणाचा फॉर्म कसा, सगळं बघतो.”

ते खरंच होतं. पहिल्या दोन भेटींत मी जुगार हा शब्द तोंडातून काढला नाही, आणि याचं श्रेय मी स्वतःकडे घेते! घरच्यांनी तोच शब्द वापरून त्याला गप्प केलं होतं.

तिसऱ्या भेटीत ‘ती’ मॅच निघाली. शेवटचा मॅप, १३ राउंड घेणारा जिंकणार. त्याचा संघ १२-७ नं पुढे, भाव ९६ सेंट. त्यानं घरभाड्याचे धरून १२०० डॉलर लावले. मिळणार होते ५०. समोरच्यांनी १२-१२ केले आणि ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा राउंडमध्ये, सामना जिंकला.

“ते जिंकायलाच हवे होते, मॅडम.”

मी वहीत फक्त ‘च’ लिहिला. मग विचारलं, “९६ सेंट म्हणजे काय रे? माझं गणित कच्चं आहे.”

“शंभरातल्या ९६ वेळा जिंकणार.”

“आणि उरलेल्या चार वेळा?”

बराच वेळ काही नाही. मग कीबोर्डचा आवाज. “असं पंचवीसदा केलं तर चोवीसदा चार-चार सेंट मिळणार. म्हणजे ९६. आणि एकदा ९६ जाणार.” थांबला. “वर फी.”

हे गणित त्याला सातवीतही आलं असतं. पण पडदा ९६ सांगत होता आणि मन शंभर ऐकत होतं. आम्ही विवेकनिष्ठ पठडीतले समुपदेशक या हट्टाच्या ‘च’च्या मागेच असतो. त्याच्याकडे तर तीन निघाले: संघ जिंकायलाच हवा, गेलेले पैसे परत यायलाच हवेत, बाबांना कळताच कामा नये. पहिल्यानं १२०० डॉलर घालवले. दुसऱ्यानं पुढच्या तीन आठवड्यांत त्याहून जास्त. तिसऱ्यानं झोप.

म्हणून पालकांना सांगते, जुगार की ट्रेडिंग या वादात शिरू नका. त्यात मुलगा तुम्हाला हरवेल. गेलेले पैसे भरून काढायला तो पुन्हा लावतोय का, भाड्याला हात घालतोय का, मित्रांकडून उसने घेऊन लपवतोय का, एवढं बघा. गुपचूप कर्ज फेडू नका. फेडायचंच असेल तर बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून, हप्ते ठरवून. खातं त्यालाच बंद करू द्या, तुम्ही शेजारी बसा. सामने बघायला बंदी घालू नका, तो त्याचा आवडता खेळ आहे. आणि ‘आता जगून काय करू’ असं काही कानावर आलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो.

निखिलनं बाबांना सांगितलं ते मी स्क्रीनवर असताना. बाबा बोलले नाहीत, कॅमेऱ्यासमोरून उठून गेले. पुढच्याच महिन्यात तो ४० डॉलर पुन्हा हरला, पण या वेळी स्वतःहून सांगितलं. आमच्या धंद्यात ही मोठी कमाई.

परवाच्या भेटीत म्हणाला, “रविवारी बाबांनी विचारलं, १२-७ वरून मॅच गेली तरी कशी? अर्धा तास समजावत होतो. त्यांना अजून ओव्हरटाइम कळलेला नाही.”