गोव्यातल्या मोलेच्या जंगलात दोनदा फिरूनही शेकरू दिसलं नाही. नेमकं कुठे आणि कधी पाहावं?

बहुतेक जण उशिरा पोचतात. शेकरू दिवसाच हिंडतं, पण सकाळी उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि ऊन कलल्यावरच. भर दुपारी ते फांदीवर पसरून निपचित पडतं, मग खालून काही कळत नाही.

जमिनीवर शोधू नका, ते क्वचितच उतरतं. जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेत तिथे उभे राहा. एका झेपेत ते सहा मीटरपर्यंत जातं, त्याहून मोठी फट पडली की वाट तुटते. म्हणून रुंद रस्त्याच्या कडेला वाट पाहण्यापेक्षा आतली पायवाट बरी. मोलेइतकंच काणकोणचं खोतीगाव अभयारण्यही चांगलं.

आधी घरटं हेरा: उंच, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा. घारीचं घरटं वाटीसारखं उघडं असतं, हे वरूनही झाकलेलं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे रिकामं दिसलं तरी आजूबाजूची झाडं तपासा. पिल्लं मात्र त्यातल्या एकातच असतात. त्या झाडाखाली रेंगाळू नका.

उंबर किंवा वडाला फळं धरली असतील तर तिथेच थांबा. मागच्या पायांनी फांदी धरून, उलटं लटकून, दोन्ही हातांत फळ घेऊन ते खातं. वजन दीड-दोन किलो, शेपूट तोल सांभाळायला. वरून खडखडाटासारखा कर्कश आवाज सुरू झाला, तर त्याने तुम्हाला पाहिलंय. हलू नका, दहा मिनिटं थांबा.