गीझर टिकटिक करतो पण पेटत नाही

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही नाशिकला राहतो, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, टाकी अगदी डोक्यावर. सहा लिटरचा गॅस गीझर आहे, चार वर्षं झाली, सिलिंडरवर चालतो. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी नळ सोडला की नुसती टिकटिक होते, पेटत नाही, दहादा नळ चालू-बंद केल्यावर कधीतरी भडकन पेटतो, आणि पेटलाच तर पाच-सात मिनिटांत विझतो. सेल नवीन टाकले. शेगडी तर मस्त चालतेय, म्हणजे गॅस आहे. मेकॅनिक म्हणाला सेन्सर काढून वायर डायरेक्ट जोडून देतो, मग नाही विझणार. देऊ का करायला? बाथरूम लहान आहे, गारठा म्हणून खिडकी बंदच असते, सासूबाईंना हल्ली आंघोळ करून आलं की गरगरतं, तेवढ्यात पाणी गार झालं की त्या चिडतात.

उत्तर : ताई, तुम्ही जे शेवटी सहज लिहिलंय ना, ते मी आधी घेतो. सासूबाईंना गरगरतंय ते थंडीने किंवा वयाने असेल असं धरून चालू नका. बंद बाथरूममधे गॅस गीझर जळत असला की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते, ह्याला मात्र वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते, आणि कडी काढायला हात उचलत नाही तोवर माणसाला कळलेलं नसतं. दर थंडीत आपल्याकडे अशा बातम्या येतात, तरुण धडधाकट माणसं गेलीत. तेव्हा आजपासून तो गीझर बंद, पाणी शेगडीवर तापवा, सासूबाईंना डॉक्टरकडे न्या आणि गीझर बाथरूममधेच आहे हे त्यांना आवर्जून सांगा. पुन्हा कधी कोणी आत कोसळलं तर आधी मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन.

आणि सेन्सर डायरेक्ट करू देऊ नका, अजिबात नाही. ज्योतीच्या तोंडाशी एक बारीक पिन असते, ज्योत आहे तोवरच ती गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू देते. काही मॉडेलमधे ऑक्सिजन कमी झाला की बंद करणारा सेन्सरही असतो. तुमचा गीझर पाच मिनिटांत विझतोय तो कदाचित तुमच्या घरच्यांचा जीव वाचवायलाच विझत असेल, आणि हा माणूस तोच काढायला निघालाय!

आता बिघाडाचं बघू. गीझरचा आवाज ऐकायचा, अर्धं निदान तिथेच होतं. नळ सोडल्यावर टिकटिकच नसेल तर भानगड पाण्याची नाहीतर सेलची. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो स्विच दाबतो आणि मग ठिणगी पडते. वरच्या मजल्यावर हा त्रास नेहमीचा, कारण १० मीटर उंचीची टाकी असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो, तुमच्याकडे दोन-अडीच मीटरच असणार. पण तुमची टिकटिक होतेय, म्हणजे पाणी आणि सेल सध्या पास. फक्त आंघोळ चालू असताना कोणी किचनचा नळ सोडला की दाब पडून विझतो का ते आठवून बघा, आणि पाणी आत येतं तिथली जाळी मेकॅनिककडून साफ करून घ्या, क्षाराने ती भरतेच.

टिकटिक होऊन पेटत नाही म्हणजे गॅस कमी पोचतोय. शेगडी चालते हा पुरावा धरू नका, सहा लिटरचा गीझर शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चारपाच पट गॅस ओढतो, तासाला पाऊण ते एक किलो. सिलिंडर संपत आला असेल आणि वर नाशिकचा पहाटेचा गारठा, तर आतल्या लिक्विडचा तेवढा गॅस भराभर होतच नाही, शेगडीला पुरतो, गीझरला नाही. हात लावून बघा, गीझर चालल्यावर सिलिंडर खालून बर्फासारखा गार लागतो, कधी बाहेरून दवही धरतं. दुपारी व्यवस्थित पेटतो आणि पहाटेच नाही, असं असेल तर कारण हेच. नाहीतर रेग्युलेटर किंवा नोझलमधला (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) कचरा बघायला लागेल.

ते दहादा चालू-बंद करणंही थांबवा. न जळलेला गॅस आत साठतो, म्हणूनच भडकन पेटतो. सातआठ सेकंदांत नाही पेटला तर नळ बंद, पाच मिनिटं खिडकी-दार उघडं, मग एकदा, बस. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, लाईटच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

दुरुस्ती झाली की गीझर बाहेर उघड्या बाल्कनीत न्या, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. पाइप लांबला की सुरुवातीला थोडं गार पाणी वाया जातं, जाऊ द्या. ज्योत निळीच हवी, पिवळी दिसली की बर्नर चोक झालाय.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीत पाइपगॅस आला. सिलिंडरचा गीझर त्याला जोडला तर पेटतच नाही. गीझर खराब झाला का?

उत्तर : गीझर ठीक असणार. सिलिंडरचा गॅस ३० मिलिबारच्या आसपास दाबाने येतो, पाइपचा साधारण २१, आणि पाइपगॅसमधे तेवढ्याच आकारमानाला उष्णता निम्म्याहून कमी, म्हणून त्याला नोझलचं भोक मोठं लागतं. घरी ड्रिल मारून भोक वाढवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. कंपनीच्या सर्व्हिसकडे तुमच्या मॉडेलचं पाइपगॅसचं किट आहे का विचारा, नसेल तर सरळ पीएनजीचा, म्हणजे पाइपगॅसचाच, नवा घ्या, आणि तोही बाथरूमच्या बाहेरच लावून घ्या.