बौद्ध लेण्यात गजलक्ष्मी कशी?

तुमचा प्रश्न असा की, जुन्नरच्या मानमोडी डोंगरात बौद्ध चैत्यगृहाच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या) कमानीत गजलक्ष्मी आहे, ती मागाहून कोणी कोरली का? नाही. मलाही पहिल्यांदा हीच शंका आली होती, पण कमान नीट बघितली की ती फिटते. अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्या उमलल्यात. मधल्या पाकळीत देवी, शेजारी हत्ती, मग हात जोडलेली माणसं. सगळी रचना तिच्याभोवतीच बेतलेली आहे, तिला वगळलं तर कमानीत काही उरतच नाही.

खरी गंमत तिथल्या ब्राह्मी लेखात आहे: 'यवनस चंदानं देयधम गभदार'. हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाचं दान आहे. यवन म्हणजे ग्रीक, निदान पश्चिमेकडून आलेला माणूस. दाता परका, दान बौद्ध संघाला, आणि कमानीत लक्ष्मी! आता तिला कुणाच्या खात्यात टाकायचं?

ही एकटी मानमोडीची गोष्ट नाही. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवरही गजलक्ष्मी आहे. शिवाय भारहुतच्या एका देवतेच्या शिल्पावर 'सिरिमा देवता' असं चक्क नाव कोरलंय. श्रीसूक्तात जिला 'पद्मे स्थिता' म्हटलंय तीच श्री पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, 'सिरी' होऊन येते. एका जातकात ती आणि काळकण्णी (आपली अवदसाच म्हणा) आधी आंघोळ कोणी करायची यावरून भांडतात आणि निवाड्याला एका व्यापाऱ्याकडे जातात. तो दोघींना विचारतो, तुम्हाला कसली माणसं आवडतात? आणि उत्तरं ऐकून सिरीला ठेवून घेतो.

फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फुशे यांना अशा शिल्पांत बुद्धाची आई मायादेवी दिसली होती. मला ते ओढूनताणून वाटतं. धनधान्य, पाऊस, भरभराट मागणाऱ्या लोकांची ही देवी. त्यातलेच काही संघाला दान देत, तेव्हा ती त्यांच्याबरोबर स्तूपावर आणि लेण्यात आली असावी. इंद्राचं वज्र, स्वस्तिक, चक्र यांचंही थोडंफार असंच. पुढे बौद्धांच्या महायान पंथाबरोबर लक्ष्मी थेट जपानला पोचली, तिथे ती किचिजोतेन.

परत मानमोडीला गेलात तर वरच्या आग्यामोहोळांकडे लक्ष ठेवा. अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.